कार्पेटखालच्या पॅडला ग्लू कमी कसा लागेल: मापापासून उरलेल्या डब्यापर्यंत

पॅड चिकटवताना दोन चुका सतत दिसतात. काहीजण भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळ्या जमिनीला ग्लू फासतात. काहीजण वाचवायचं म्हणून ग्लूमध्ये पाणी घालतात, आणि थोड्याच दिवसांत पॅड सरकून कार्पेटखाली वळकटी होते. पहिल्या चुकीत ग्लूचे डबे वाया जातात. दुसरीत ग्लू, पॅड आणि मजुरी, तिन्ही पुन्हा भरावी लागतात.

ग्लूवरचा खर्च स्वस्त डबा घेऊन फारसा कमी होत नाही. तो कमी होतो ग्लू कुठे लावायचा नाही हे आधी ठरवल्याने, आणि जिथे लावायचा तिथली जमीन नीट तयार केल्याने. खालचे टप्पे याच क्रमाने करा. विशेषतः चौथा टप्पा घाईत उरकू नका.

## टप्पा १: ग्लू लागतो का, ते आधी ठरवा

हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: खाली जमीन कसली आहे, कार्पेट कशाने धरलं जाणार आहे आणि पॅड कसलं आहे.

लाकडी फळ्या किंवा प्लायवूड, आणि कडेने ग्रिपर पट्ट्या (खिळ्यांची टोकं वर आलेल्या अरुंद पट्ट्या, त्यांत कार्पेटची कड अडकते): इथे पॅडला ग्लू लागतच नाही. पॅड स्टेपल पिनांनी ठोकतात. कडेने आणि सांध्यांवर पिना जवळजवळ मारा, मधल्या भागात विरळ चालतात. प्लायवूडवर ग्लू ओतणं म्हणजे निव्वळ नासाडी, शिवाय पुढे पॅड काढताना फळीचे ढलपे निघतात ते वेगळेच.

सिमेंटचा कोबा, आणि कडेने ग्रिपर पट्ट्या: इथे पिना घुसत नाहीत, म्हणून ग्लू हवा. पण तो कडेने आणि सांध्यांखाली पट्ट्यांमध्ये लावायचा, सगळीकडे नाही. कार्पेट धरून ठेवण्याचं काम ग्रिपरचे खिळे करतात. कार्पेट ताणताना पॅड सरकू नये आणि नंतर सांधे उघडू नयेत, एवढंच ग्लूचं काम.

ग्रिपर नाही, पॅड जमिनीला आणि कार्पेट पॅडला चिकटवायचं: याला दुहेरी चिकटवणी म्हणू. इथे कार्पेटला धरणारं दुसरं काहीच नाही, त्यामुळे दोन्ही थरांत पूर्ण पृष्ठभागावर ग्लू लागतो. यात काटकसर कुठे करता येते आणि कुठे नाही, ते सातव्या टप्प्यात पाहू.

> तपासा: कोपऱ्यात सुई किंवा बारीक खिळा टोचून पाहा. आत गेला तर लाकूड, अडला तर कोबा. जुन्या फरशीवर किंवा लिनोलियमवर पॅड घालणार असाल, तर ग्लूच्या डब्यावर त्या पृष्ठभागाचं नाव आहे ना, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: माप घ्या, आणि पॅडची दिशा मापावरून ठरवा

बरेचजण खोलीचं क्षेत्रफळ काढून तेवढ्या ग्लूची मागणी देतात. पट्ट्यांनी चिकटवायचं असेल तर हा हिशेबच चुकतो. एक खोली घेऊन पाहू.

खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद. क्षेत्रफळ २० चौरस मीटर, घेर १८ मीटर. पॅडच्या रोलची रुंदी १.८३ मीटर धरू. ग्लूची पट्टी १५ सेंटीमीटर रुंद.

पॅड लांबीच्या दिशेने घातलं तर ४ मीटर रुंदी भरायला ३ पट्टे लागतात, म्हणजे ५-५ मीटरचे २ सांधे. कडेचा ग्लू १८ × ०.१५ = २.७ चौरस मीटर, सांध्यांचा १० × ०.१५ = १.५. एकूण ४.२ चौरस मीटर.

आडवं घातलं तर ५ मीटर भरायलाही ३ पट्टेच लागतात, पण प्रत्येक पट्टा ४ मीटरचा. सांधे ८ मीटर, त्यांचा ग्लू १.२ चौरस मीटर. एकूण ३.९.

ग्लूमध्ये फरक थोडाच पडला. पॅडमध्ये मात्र पाहा: पहिल्या दिशेला रोलचे १५ मीटर लागले, दुसऱ्या दिशेला १२. तीन मीटर पॅड केवळ दिशा बदलल्याने वाचलं. म्हणून कागदावर दोन्ही दिशा मांडल्याशिवाय खरेदीला जाऊ नका.

एक अट मात्र मोडायची नाही. कार्पेटचा सांधा आणि पॅडचा सांधा एकावर एक येता कामा नये. पॅडचे सांधे कार्पेटच्या सांध्याला काटकोनात ठेवा. ते जमत नसेल तर निदान १५ सेंटीमीटर बाजूला सरकवा. दोन्ही सांधे एका रेषेत आले की वरून चालताना तिथे खळगा जाणवतो, आणि कार्पेटची शिवण लवकर उसवते.

आता ग्लू किती आणायचा? दारापाशी आणि जास्त वर्दळीच्या वाटेवर ग्लूच्या एक-दोन जादा पट्ट्या धरून आपल्या खोलीला साधारण ५ चौरस मीटर धरू. डब्यावर एका लिटरमध्ये किती क्षेत्र होतं ते छापलेलं असतं. समजा ४ चौरस मीटर लिहिलंय. तर सव्वा लिटर, त्यावर दहा टक्के वाढवा, म्हणजे दीड लिटरच्या आत काम होतं. सगळ्या जमिनीला लावला असता तर ५ लिटर लागला असता.

> सावधान: डब्यावरचा आकडा गुळगुळीत जमिनीचा आणि ठरावीक दात्यांच्या थापीचा (कडेला खाचा असलेल्या, ग्लू पसरवायच्या पत्र्याचा) असतो. खडबडीत कोबा जास्त ग्लू पितो. तसा कोबा असेल तर आधी एक चौरस मीटर लावून किती संपला ते बघा, मग बाकीचं माप पक्कं करा.

## टप्पा ३: डब्याची किंमत नको, चौरस मीटरची किंमत काढा

किंमत भागिले त्या डब्यात होणारं क्षेत्र: हा एकच आकडा तुलनेला घ्या. स्वस्त दिसणारा डबा एका लिटरमध्ये निम्मंच क्षेत्र करत असेल तर तो महाग आहे. स्प्रेचे कॅन याच हिशेबात मागे पडतात. त्यातला काही भाग हवेत उडतो आणि काही कडेच्या भिंतीवर बसतो. दोन-तीन पायऱ्या किंवा एखादा कोपरा असेल तर स्प्रे सोयीचा, अख्ख्या खोलीला नाही.

मोठा डबा प्रति लिटर स्वस्त पडतो, पण उघडलेला ग्लू कायम टिकत नाही. पुढचं काम लगेच समोर नसेल तर मापाचाच डबा घ्या.

निवडताना तीन गोष्टी बघा:

- पॅडशी जुळतो का. काही सॉल्व्हंटच्या (पाण्याऐवजी थिनरसारख्या द्रवात बनवलेल्या) ग्लूने फोम विरघळतो, आक्रसतो. तुकड्यांपासून बनवलेला रीबॉन्ड फोम, रबर आणि फेल्ट या तिघांना चालणारा ग्लू एकच असेल असं धरून चालू नका. पॅडचा तुकडा घेऊन त्यावर ग्लू लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कडा आक्रसलेल्या किंवा मऊ झालेल्या दिसल्या तर तो ग्लू परत करा.
- पुढे सुटतो का. पाण्यावर आधारित, दाबाने चिकटणारा आणि नंतर सोलून काढता येणारा ग्लू मिळतो. पॅड बदलायची वेळ येते तेव्हा खरवडण्याची सगळी मेहनत वाचते. पट्ट्यांनी चिकटवायला मी हाच घेतो.
- वास आणि आग. सॉल्व्हंटच्या ग्लूची वाफ पेट घेते. गॅसची शेगडी, गीझरची ज्योत, स्विचची ठिणगी यातलं काहीही जवळ असेल तर तो आणूच नका.

## टप्पा ४: जमीन. ग्लूची खरी बचत इथे होते

एका खोलीतलं पॅड मी पुन्हा बसवण्यासाठी उचललं होतं. बोटाने एक कोपरा वर ओढला आणि पाच मीटरचा पट्टा कागदासारखा उठला, एकही आवाज न करता. पॅडच्या पाठीवर ग्लूच्या रेषा अगदी सुबक होत्या, थापीचे दाते मोजता येतील इतक्या. पण त्या पिवळट नव्हत्या, राखाडी होत्या. प्रत्येक रेषेवर सिमेंटच्या भुकटीचा लेप बसला होता, आणि खालचा कोबा कोरा होता. ग्लू भरपूर होता. तो धुळीला चिकटला होता, जमिनीला नाही. ते काम पहिल्यांदा मीच केलं होतं, नुसता झाडू मारून.

म्हणून या टप्प्याला वेळ द्या, आणि क्रम सोडू नका.

४.१ जुना ग्लू खरवडा. रुंद पात्याच्या खरवडणीने उंचवटे काढा. जुन्या ग्लूवर नवा लावला तर नव्याची पकड जुन्याच्या पकडीइतकीच राहते, आणि जुना आधीच सुटत आलेला असतो.

> सावधान: जमिनीवर काळा, डांबरासारखा जुना ग्लू असेल किंवा खाली जुन्या लहान चौकोनी विनाइल टाइल असतील, तर ते घासू नका, खरवडू नका, कोरडं झाडूही नका. अशा जुन्या ग्लूत आणि टाइलमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारे खनिज तंतू. आधी नमुना तपासून घ्या. इथे पैसे वाचवायचे नसतात.

४.२ ओल तपासा. साधारण ४५ × ४५ सेंटीमीटरचा जाड प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवा आणि चारही बाजूंनी टेपने घट्ट बंद करा. किमान १६ तास हात लावू नका. मग उचला. प्लास्टिकखाली पाण्याचे थेंब असतील किंवा तेवढाच चौकोन गडद दिसत असेल तर ओल वर येते आहे. ही चाचणी फक्त ओल उघड करते. कोरडा चौकोन दिसला तरी नव्या कोब्याच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबू नका, यंत्राने मोजून घ्या. कोबा २८ दिवसांत पक्का होतो, सुकत नाही. सुकायला जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक महिना, असा ठोकताळा आहे. ओल्या कोब्यावर पाण्यावर आधारित ग्लू पुन्हा मऊ पडतो, आणि मग लोक म्हणतात की ग्लू कमी पडला.

४.३ पाण्याचा थेंब टाका. चार-पाच ठिकाणी टाका. थेंब काही मिनिटांत शोषला गेला तर ठीक. मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर वर सीलर, मेण किंवा तेल आहे. ते काढल्याशिवाय ग्लू धरणार नाही, कितीही जाड थापला तरी.

४.४ भेगा आणि खळगे भरा. खळग्यात ग्लू साचतो, सुकत नाही आणि फुकट जातो. भरणीचा मसाला ग्लूपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

४.५ धूळ काढा. आधी झाडू, मग व्हॅक्यूम, कडेने दोनदा. तेलकट भुसा टाकून झाडण्याची पद्धत इथे वापरू नका. त्याचा थर मागे राहतो. ओल्या फडक्याने पुसलं तर जमीन पूर्ण वाळू द्या.

> तपासा: पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा कोब्यावर दाबून उचला. पट्टी स्वच्छ असेल तर पुढे चला. राखाडी झाली तर पुन्हा व्हॅक्यूम. तिसऱ्यांदाही राखाडीच झाली तर कोब्याचा वरचा थरच भुसभुशीत आहे. त्याला योग्य प्रायमर लागेल. ग्लू पातळ करून प्रायमर म्हणून लावणं डब्यावर लिहिलं असेल तरच करा.

## टप्पा ५: ग्लू उघडण्याआधी पॅड कोरडं मांडा

खोलीचं तापमान आणि पॅड दोन्ही आधी स्थिरावू द्या. खोली १८ अंश सेल्सियसच्या खाली नको, आणि पॅड आदल्या दिवसापासून त्याच खोलीत उघडून ठेवा. गुंडाळीतून नुकतंच काढलेलं पॅड पुन्हा वळायला बघतं, आणि ते दाबून ठेवायला लोक जास्त ग्लू लावतात.

ग्रिपर पट्ट्या पॅडच्या आधी ठोकून झालेल्या हव्यात. मग सगळे पट्टे कोरडेच मांडा. कडा ग्रिपरच्या आतल्या बाजूला भिडवा, ग्रिपरवर चढवू नका. सांधे एकमेकांना टेकवा. फट नको, आणि एकावर एक चढलेलं तर अजिबातच नको.

पॅडला एका बाजूला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असेल तर तो वर ठेवा. ताणताना कार्पेट त्यावरून सहज सरकतं. पापुद्रा खाली गेला तर ग्लू त्या गुळगुळीत बाजूला नीट धरत नाही. ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी दोष ग्लूला दिला गेला.

कापून झालं की प्रत्येक पट्ट्यावर खडूने क्रमांक टाका. सांध्यांच्या जागी जमिनीवर रेघ ओढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात सेंटीमीटरवर खुणा करा. ग्लू या खुणांच्या आत राहील.

## टप्पा ६: ग्लू लावा

पट्टा लांबीत निम्म्यावर दुमडा, उघड्या पडलेल्या जमिनीवर काम करा, पट्टा परत टाका, मग उरलेला अर्धा. असं केल्याने मांडलेली रेघ हलत नाही.

१. डब्यातून लागेल तेवढाच ग्लू पसरट भांड्यात घ्या आणि डबा बंद करा. दिवसभर झाकण उघडं ठेवलं की वर साय धरते, आणि ती साय काढून टाकण्यातच बराच ग्लू जातो.

२. ग्लू जमिनीला लावा, पॅडला नाही. फेल्ट आणि फोम तो पितात.

३. डब्यावर सांगितलेल्या दात्यांचीच थापी वापरा आणि एकाच कोनात धरा. आडवी झाली की थर पातळ होतो, मोठ्या दात्यांची घेतली की ग्लू दुप्पट जातो. कोब्यावर दाते झिजतात, तेव्हा मधूनमधून नव्या थापीशी ताडून बघा. पट्ट्यांच्या कामाला लहान रोलर चालत असेल तर डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

४. एका वेळी एकाच पट्ट्यापुरता ग्लू लावा. दोन पट्ट्यांचा लावला आणि दुसरा तोवर सुकून गेला, तर त्यावर परत लावावा लागतो. नासाडीचा हा नेहमीचा प्रकार.

५. थांबा. दाबाने चिकटणारा पांढरा ग्लू आधी दुधी असतो, मग पारदर्शक होतो. बोट लावून पाहा: बोट चिकटलं पाहिजे, पण उचलल्यावर त्याला ग्लू लागता कामा नये. काही ग्लू मात्र ओले असतानाच पॅड टाकायला सांगतात, त्यांना हा नियम लावू नका.

६. पॅड परत टाका, मधून कडेकडे हाताने दाबत जा. नंतर स्वच्छ रोलर फिरवा किंवा सपाट तळव्याच्या बुटांनी चालत दाबा.

७. सांध्यांवर वरून पॅडची टेप लावा. सबंध सांध्यावर लावा, तुकड्यातुकड्यांत नाही.

> सावधान: घट्ट झालेल्या ग्लूत पाणी किंवा थिनर घालू नका. पाण्याने त्यातला चिकट भाग विरळ होतो. तेवढ्याच पट्टीत पकड कमी येते आणि सुकायला जास्त वेळ लागतो. डबा घट्ट झाला असेल तर तो बाद समजा.

> तपासा: डब्यावर दिलेला वेळ झाला की एका सांध्याजवळ पॅड हलकेच आडवं ढकला. हललं नाही तर कार्पेट ताणायला घ्या. सरकलं तर थांबा. ताणण्याच्या यंत्राचा जोर पॅडवर येतो आणि ओला ग्लू तो पेलू शकत नाही.

## टप्पा ७: इथे हात आखडू नका

दुहेरी चिकटवणी. पट्टेवजा किंवा ठिपक्यांनी ग्लू लावून चालणार नाही. मधली न चिकटलेली जागा फुग्यासारखी वर येते. बचत करायची ती फक्त योग्य दात्यांची थापी, सपाट जमीन आणि अचूक माप यांतून. शिवाय पॅड या पद्धतीसाठी बनवलेलं हवं; मऊ, जाड पॅड इथे टिकत नाही. खालच्या आणि वरच्या थराला बहुधा वेगवेगळ्या दात्यांची थापी लागते, तेव्हा दोन्ही डब्यांवरच्या सूचना वाचा.

पायऱ्या. पायरीच्या नाकावर, म्हणजे पुढच्या कडेवर, पाय जोरात पडतो. तिथे पॅड सुटलं तर माणूस घसरून पडेल. लाकडी पायरी असेल तर पिना, सिमेंटची असेल तर पायरीच्या पूर्ण सपाट भागाला ग्लू.

कार्पेटच्या कापलेल्या कडा. सांध्याच्या कडांना लावायचा सीलर वेगळा असतो. पॅडचा उरलेला ग्लू तिथे वापरून पाहू नका.

जमिनीखाली गरम करण्याच्या नळ्या. ग्रिपर ठोकू नका, नळी फुटेल. अशा ठिकाणी ग्रिपर पट्ट्या ग्लूने बसवतात. पॅडचा ग्लूही उष्णता सोसणारा असावा लागतो.

## टप्पा ८: उरलेला ग्लू

भांड्यातला उरलेला ग्लू मूळ डब्यात परत ओतू नका. त्यात सिमेंटचे कण असतात आणि सगळा डबा बिघडतो. तो त्याच दिवशी वापरा.

डब्यातल्या ग्लूच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचा कागद थेट टेकवून ठेवा, म्हणजे मधे हवा राहत नाही. डब्याची कड फडक्याने पुसा, मगच झाकण ठोका. कडेवर सुकलेला ग्लू राहिला तर झाकण बसत नाही. झाकणावर उघडल्याची तारीख आणि पॅडचा प्रकार लिहा. पाण्यावर आधारित ग्लू गोठू देऊ नका. सॉल्व्हंटचा ज्योतीपासून आणि घरात राहत्या जागेपासून लांब ठेवा.

पुढच्या वेळी डबा उघडल्यावर आधी काठीने ढवळा. गुठळ्या मोडल्या आणि ग्लू पुन्हा एकजीव झाला तर पॅडच्या तुकड्यावर लावून एक दिवस ठेवा. धरला तर कामाला घ्या. तळाशी रबरासारखा गोळा बसला असेल तर टाकून द्या. ओला ग्लू गटारात ओतू नका. पाण्यावर आधारित असेल तर थोडा उरलेला डबा उघडा ठेवून पूर्ण कडक होऊ द्या. सॉल्व्हंटचा असेल तर झाकण घट्ट लावून घातक कचरा स्वीकारतात तिथे द्या.

थापी मात्र काम संपल्या संपल्या धुवा. पाण्यावर आधारित ग्लू ओला असताना कोमट पाण्याने निघतो. दात्यांमध्ये सुकला की दाते बुजतात, आणि पुढच्या खोलीत ग्लू जागोजागी कमी पडतो.